बुटांबरोबर आलेला पाहुणा

मैत्रिणींनो, तिन्हीसांजेला दिवा लावला आणि त्याच्याभोवती एखादा पतंग भिरभिरायला लागला, की आपला हात आधी कुठं जातो? केरसुणीकडंच ना! घर नीटनेटकं ठेवणाऱ्या बाईचं ते साहजिकच आहे. पण आज अशा एका घराची हकिकत सांगते, जिथं केरसुणीच्या आधी नजर पोचली आणि विज्ञानाला पतंगाची एक नवी जात मिळाली.

हे घर ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातलं, पोर्ट टॅलबट या गावचं. घरात आई आणि मुलगी. एके दिवशी त्यांना घरात वेगळेच पंख असलेला पतंग दिसला. ‘असेल काहीतरी’ म्हणून त्यांनी तो झटकून टाकला नाही. जाणकारांना दाखवला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा तो ब्रिटनमधल्या कुठल्याच पतंगाशी जुळेना. डी. एन. ए. तपासल्यावर त्याचे जवळचे नातलग अमेरिका खंडातले निघाले. मग वेल्समध्ये हा आला कसा?

उत्तर घरातच होतं. या कुटुंबाचं गयानाला जाणं झालं होतं. गयाना म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, क्लाइव्ह लॉइडचा देश बरं का! तिथून परत आणलेल्या बुटांच्या सामानात पतंगाच्या कोषाचे अवशेष सापडले. म्हणजे स्वारी सुमारे ७,००० किलोमीटरचा प्रवास फुकटात करून आली होती! २०२४ च्या सुरुवातीला ही बातमी जगभर गेली. नव्या जातीचं नाव ‘कार्मेंटा ब्रॅकीक्लॅडॉस’.

आता याची ओळख करून घेऊ. फुलपाखराला किंवा पतंगाला हात लावला की बोटांना पावडरीसारखं काही लागतं ना? ते असतात पंखांवरचे बारीक खवले. या पतंगाच्या कुळात मात्र पंखांच्या बऱ्याच भागावर खवलेच नसतात, त्यामुळं पंख काचेसारखे आरपार दिसतात. इतर बहुतेक पतंग रात्री हिंडतात, तर हे दिवसा उडतात. या कुळातल्या कितीतरी जातींच्या अंगावर पिवळे पट्टे असतात, त्यामुळं पाहणाऱ्याला गांधीलमाशीच वाटते. पक्षी दचकून दूर राहतात आणि याचा जीव वाचतो. नांगी मात्र मुळीच नसते! फरक ओळखायचा तर कंबर पाहावी. गांधीलमाशीची कंबर दोऱ्यासारखी, याची भरलेली. शिवाय पंखांच्या कडांना आणि शिरांवर थोडे खवले उरलेले असतात.

पण नुसतं दिसणं वेगळं असून भागत नाही. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहतात, सूक्ष्मदर्शकाखाली शरीराचे आतले भाग तपासतात, डी. एन. ए. जुळवतात. मग सविस्तर वर्णन छापून, एक नमुना कायमचा जपून ठेवतात. तेव्हा कुठं बारसं होतं!

‘गोष्ट छान, पण आमचा काय संबंध?’ असं म्हणाल. संबंध आहे. सगळेच पाहुणे असे निरुपद्रवी नसतात. अमेरिकन लष्करी अळीचं नाव शेतकरी घरातल्या मैत्रिणींना तरी सांगायला नको. हीसुद्धा एका पतंगाचीच अळी. मूळची अमेरिका खंडातली, २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात. मक्याच्या पोंग्यात शिरून पिकाची चाळण करते. तिच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटं लिहिल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडं चौकोनात बसवलेले चार काळे ठिपके. गावी गेलात की मक्यात डोकावून पाहा. लवकर ओळखली तर पीक वाचतं.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगते, एवढ्या जरूर करा.

प्रवासाहून, विशेषतः परदेशातून आल्यावर बॅगा अंगणात किंवा गॅलरीत उघडा. बूट एकमेकांवर आपटून माती झाडा, बॅगेचे कोपरे ब्रशनं साफ करा आणि तो केर पिशवीत बांधूनच टाका. शेंगा, बिया, रोपं ‘आठवण’ म्हणून गुपचूप आणू नका. मुलगा-सून परदेशी असतील तर त्यांनाही हे कळवा.

घरातले शत्रू कोणते, तेही ओळखा. लोकरीला लागते ती कसर आणि डाळ-तांदळात जाळी करते ती पाकोळी. या दोघींची गय नको. कपडे आणि धान्य कडक उन्हात घाला. बाकीच्या पतंगांना दिवा मालवून, खिडकी उघडून वाट दाखवली की काम झालं.

अनोळखी काही दिसलंच, तर वरून आणि बाजूनं फोटो काढा. शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. तारीख आणि गाव लिहून ठेवा. मेलेला पतंग कागदाच्या घडीत घालून काडेपेटीत ठेवा. कापूस नको, त्यात पाय अडकून तुटतात. जवळच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक तो आनंदानं पाहतील.

आणि एक. शाळेत मी पाहते, चौथी-पाचवीपर्यंत मुली किडे, कोष, अळ्या हौसेनं मुठीत घेऊन येतात. पुढं हळूहळू ‘ईऽऽ’ म्हणायला शिकतात. ते त्या कुणाकडून शिकतात, याचा विचार आपणच करायला हवा. डाळीतला एक खडा आपल्याला लांबून दिसतो, कपड्यावरचा बारीकसा डाग सुटत नाही. ही नजर आपल्याकडं आहेच. तुमची लेक उद्या ओंजळीत काही घेऊन आली, तर ‘टाक ते आधी!’ म्हणण्यापूर्वी एवढंच म्हणा, ‘बघू गं, काय आहे?’