विश्लेषण : नाकातून मेंदूच्या तळापर्यंत... शस्त्रक्रियेच्या पडद्यावर ‘नकाशा’ उमटवल्याने धोका खरेच कमी होतो का?

मेंदूच्या तळाशी असलेली गाठ कवटी न उघडता नाकावाटे काढणे आता मोठ्या रुग्णालयांत नित्याचे झाले आहे. दुर्बिणीच्या पडद्यावर सर्जनला समोरचा पृष्ठभाग लख्ख दिसतो. पण हाडाच्या त्या पातळ पडद्यामागे काय आहे, ते दिसत नाही. सीटी आणि एमआरआयवरून तयार केलेला धमन्या, नसा व गाठीचा आराखडा थेट चालू चित्रावर उमटवून ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न दोन दशकांहून अधिक काळ सुरू आहेत. तरीही हे तंत्र सरसकट वापरात का आलेले नाही?

शस्त्रक्रिया नाकातूनच का?

पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी डोक्याच्या जवळपास मध्यभागी, खोगिरासारख्या हाडाच्या खाचेत बसलेली असते. वरून जायचे तर मेंदू बाजूला सारावा लागतो. खालून मात्र नाकामागच्या हवेच्या पोकळीतून थेट त्या खाचेच्या तळाशी पोहोचता येते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हर्मान श्लॉफर यांनी 1907 मध्ये या दिशेने पहिली शस्त्रक्रिया केली. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी ही वाट रुळवली आणि गंमत म्हणजे पुढे स्वतःच सोडून दिली. नॉर्मन डॉट, त्यांच्याकडून शिकलेले जेरार गियो आणि 1960च्या दशकात सूक्ष्मदर्शक आणणारे ज्यूल हार्डी यांच्यामुळे ती टिकली. 1990च्या दशकात सूक्ष्मदर्शकाची जागा एंडोस्कोप घेऊ लागला. आज अनेक ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन एकाच वेळी, दोन नाकपुड्यांतून चार हातांनी काम करतात.

धोका नेमका कशाचा?

ग्रंथीच्या डाव्या-उजव्या बाजूला मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरॉटिड धमन्या असतात, तर वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. अंतर मिलिमीटरचे. पिट्सबर्गच्या अनुभवी गटाने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत नाकावाटे केलेल्या 2,015 शस्त्रक्रियांपैकी 7 मध्ये कॅरॉटिडला इजा झाली होती. प्रमाण अगदी कमी आहे. पण ही धमनी फुटली की अरुंद पोकळी काही क्षणांत रक्ताने भरते, कॅमेऱ्याला काहीच दिसेनासे होते आणि पक्षाघात किंवा मृत्यूपर्यंत प्रकरण जाऊ शकते. शिवाय जगातील सर्वाधिक सराव असलेल्या हातांचा हा आकडा आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. गाठीने धमनी जागेवरून सरकवली असेल, किंवा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होत असल्याने ओळखीच्या खुणाच उरल्या नसतील, तर सर्जनची अडचण आणखी वाढते.

मग सध्याचे नॅव्हिगेशन पुरेसे नाही?

सध्या वापरात असलेल्या यंत्रणेत इन्फ्रारेड कॅमेरा किंवा चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने उपकरणाची जागा ओळखली जाते आणि ती आधी काढलेल्या सीटी-एमआरआयवर बिंदूच्या रूपात दिसते. अचूकता साधारण 2 मिलिमीटरची. अडचण अशी की हा बिंदू सहसा वेगळ्या पडद्यावर असतो. सर्जनला काम थांबवून टोक त्या जागी टेकवायचे, मान वळवायची, तीन करड्या छेदचित्रांतून जागेचा अंदाज मनात जुळवायचा आणि मग परत कामाकडे वळायचे. ही मनातल्या मनात होणारी जुळवाजुळव टाळणे हाच चित्रावर नकाशा उमटवण्यामागचा हेतू. टोकियोतील न्यूरोसर्जननी पिट्युटरीच्या गाठींसाठी अशी यंत्रणा रुग्णांवर वापरल्याचे 2002 मध्येच नोंदवले होते.

नकाशा चित्रावर चपखल बसतो का?

खरी मेख इथे आहे. एंडोस्कोपची जागा ओळखणाऱ्या खुणा त्याच्या मुठीजवळ, म्हणजे शरीराबाहेर असतात आणि भिंग आत खोलवर. खुणेपासून टोकापर्यंतचे अंतर 20 सेंटिमीटर धरले आणि कोन ओळखण्यात फक्त 1 अंशाची चूक झाली, तरी टोकाशी ती सुमारे 3.5 मिलिमीटर होते. त्यात भिंगामुळे चित्राच्या कडा वाकतात, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. आणि रुग्णाचे डोके व सीटीतले डोके एकमेकांशी जुळवतानाची चूक तर असतेच.

यावर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी वेगळा मार्ग काढला. बाहेरच्या खुणांवर विसंबण्याऐवजी त्यांनी व्हिडिओलाच साक्षीला घेतले. लागोपाठच्या चित्रांतील ठिपके ओळखून संगणक पृष्ठभागाचा त्रिमितीय आकार बांधतो, तो सीटीतील हाडाशी ताडून पाहतो आणि त्यावरून कॅमेरा कुठे आहे ते ठरवतो. त्यांच्या 2012 च्या निबंधात सरासरी चूक 0.70 मिलिमीटर होती. कवटीच्या तळाचे हाड मेंदूसारखे हलत नाही, हा या भागाचा मोठा फायदा. परंतु ठिपके दिसण्यासाठी चित्र स्वच्छ लागते. रक्त, ड्रिलचा भुसा, भिंगावरचे पाणी असे काहीही आले की संगणक गोंधळतो. हाड कोरले, गाठ काढली की मूळ पृष्ठभागच बदलतो. गाठीचा वरचा भाग खाली उतरतो, आराखडा मात्र सकाळचाच राहतो.

खोलीचा प्रश्न त्याहून अवघड. उड्डाणपुलाखाली उभे असताना फोनवरचा नकाशा तुम्ही पुलावर आहात असे सांगतो, हा अनुभव अनेकांना असेल. रेषा बरोबर, पातळी चूक. सपाट पडद्यावर रंगवलेली धमनी हाडाच्या पुढे आहे की 4 मिलिमीटर मागे, हे नुसत्या रंगावरून कळत नाही.

लक्ष विचलित होते का?

टोरंटोतील एका प्रयोगाने या क्षेत्राला विचार करायला लावले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्जन आणि प्रशिक्षणार्थींना मृतदेहावर एंडोस्कोपने ठरावीक बिंदू गाठायला सांगितले. काहींना साधे चित्र, काहींना आराखडा चढवलेले. आराखडा पाहणाऱ्यांची अचूकता स्पष्टपणे सरस ठरली : लक्ष्यापासूनचे मध्यक अंतर 2.10 मिलिमीटर, तर साध्या चित्रावर 4.13. पण लक्ष्याजवळच एक गंभीर गुंतागुंत आणि एक स्क्रू मुद्दाम ठेवला होता. साधे चित्र पाहणाऱ्या 17 पैकी 12 जणांना यातले काहीतरी दिसले. आराखडा पाहणाऱ्या 15 पैकी फक्त एकाला. नेम सुधारला, नजर मात्र रेषांत अडकली. म्हणूनच आराखडा सतत दाखवण्यापेक्षा हवा तेव्हा चालू-बंद करणे किंवा धोक्याच्या जवळ गेल्यावरच इशारा देणे, हे अधिक शहाणपणाचे दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काय बदलेल?

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील गट पिट्युटरी शस्त्रक्रियांच्या व्हिडिओंवर संगणकाला शिकवत आहे. 2023 मध्ये अशा 200 हून अधिक व्हिडिओंचा वापर झाल्याचे सांगण्यात आले होते. येथे सीटी चढवण्याऐवजी संगणक चालू चित्र पाहूनच कोणता भाग कोणता हे सुचवतो, त्यामुळे जुळवणीची चूक उरत नाही. मात्र तो शिकला ते चित्रांवर तज्ज्ञांनी आखलेल्या सीमांवरून. तज्ज्ञांचाच अंदाज जिथे डळमळतो, तिथे संगणकाची रेषा तितक्याच ठळकपणे उमटण्याचा धोका आहे.

भारतात याचा उपयोग कितपत?

करोनाकाळात, 2021 मध्ये, म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्रातील कान-नाक-घसा तज्ज्ञांना नाकावाटे याच भागात मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. बुरशीने कुरतडलेल्या हाडात ओळखीच्या खुणा सापडत नाहीत. नकाशाची गरज तिथेच सर्वाधिक, आणि नकाशा सर्वात लवकर शिळा होतो तोही तिथेच. शिवाय खर्च केवळ यंत्राचा नसतो. प्रत्येक रुग्णाच्या स्कॅनवर धमन्या आणि नसा आखून, तपासून देणारे माणूसही लागते. तोवर हाड कोरण्याआधी बारीक डॉप्लर सळई टेकवून धमनीचा आवाज ऐकणे हा जुना उपाय अनेक सर्जन वापरतात. स्कॅन धमनी काल कुठे होती ते दाखवतो. डॉप्लर ती आत्ता कुठे आहे ते ऐकवतो.