सरांच्या कारकिर्दीचा धडा



तालुक्याच्या बैठकीत एक सूचना हमखास येते. 'या खेपेला शिकलेला माणूस उभा करा. एखादे गुरुजी पाहा. विधानसभेत तोंड उघडतील तरी!' सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. बँकेची नोटीस आली की ती वाचून घ्यायला आपण आजही गुरुजींच्याच ओसरीवर जातो. पण शिक्षक राज्याच्या सर्वांत मोठ्या खुर्चीवर बसला तेव्हा आपल्या पदरात काय पडले, हे तपासून मगच ठराव करावा असे आम्हाला वाटते.

दाखला मनोहर जोशींचा. 2 डिसेंबर 1937 रोजी रायगड जिल्ह्यातल्या नांदवी गावी गरीब घरात जन्म. शिकायला मुंबई गाठली, एम.ए., एलएल.बी. केले, शिक्षकी केली. 1961 मध्ये 'कोहिनूर' ही संस्था काढली आणि पोरांना हाताला काम देणारे शिक्षण दिले. शिवसेनेत गेल्यावरही लोक त्यांना 'सर'च म्हणत. नगरसेवक, महापौर, आमदार, विरोधी पक्षनेते अशा पायऱ्या चढत 14 मार्च 1995 रोजी शिवाजी पार्कवर त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पुढे केंद्रात मंत्री आणि 2002 ते 2004 लोकसभेचे अध्यक्ष झाले. 23 फेब्रुवारी 2024 रोजी ते गेले. 2025 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले. गरिबाच्या पोराने एवढी मजल मारली, तिला आमचा नमस्कार. गेलेल्या माणसाची उणीदुणी काढायची नाहीत. हिशेब आहे तो कारभाराचा.

त्या सरकारची गाजलेली योजना म्हणजे एक रुपयात झुणका-भाकर. मुंबईच्या उपनगरांतल्या स्टेशनांपासून जिल्ह्याच्या एस.टी. स्टँडांपर्यंत केंद्रे निघाली. हमाल, बांधकाम मजूर जेवले, याचे आम्हाला समाधान आहे. त्यांत आपल्याच गावची, पोटासाठी मुंबईला गेलेली पोरे होती. पण भाकरी ज्वारीची आणि ज्वारी आपली. 1995-96 साली ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला 300 रुपये होती. भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरा, क्विंटलच्या हजार भाकरी होतात. म्हणजे भाकरीत ज्वारी तीस पैशांची! केंद्रवाल्याला अनुदान मिळाले, मोक्याची जागा मिळाली. पिकवणाऱ्याचा भाव काय असावा, हे कोणी विचारले नाही. 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये जाहीर झाला. म्हणजे भाकरीमागे तीन रुपये सत्तर पैसे, तेही बाजारात हमीभाव मिळाला तर. उपनगरातल्या हॉटेलात तीच भाकरी कितीला मिळते, ते मुंबईच्या पोराला फोन करून विचारा. 1999 मध्ये सरकार बदलले आणि योजना गुंडाळली गेली. 26 जानेवारी 2020 रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली, तिच्यात चपाती, भाजी, वरण, भात होता. भाकरी ताटातूनच उठली होती.

कापसाचे पाहा. 1972 पासूनची एकाधिकार खरेदी सरांच्या पावणेचार वर्षांतही चालूच राहिली. पलीकडे मध्य प्रदेशात किंवा आंध्रात चार पैसे जास्त मिळत असले तरी आपली गाडी सीमेवर अडवायला कायदा तयार. पाण्याचे पाहा. कृष्णा खोऱ्याचे महामंडळ 1996 मध्ये झाले, कारण लवादाने दिलेले पाणी 2000 सालाच्या आत अडवायचे होते. विदर्भाचे महामंडळ 1997 मध्ये आणि गोदावरी-मराठवाड्याचे 1998 मध्ये. कोरडवाहूवाल्याचा नंबर नेहमीप्रमाणे मागून.

असे का झाले? सरांना समजत नव्हते म्हणून? मुळीच नाही. हुशार, अभ्यासू माणूस. कारण खुर्चीच्या मुळाशी आहे. ही खुर्ची त्यांना शेतकऱ्याने दिलेली नव्हती, ती वांद्र्याच्या कलानगरातून मिळाली होती. सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती आहे, असे बाळासाहेब ठाकरे उघडपणे सांगत. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. खुर्ची हलली नाही. पुढे पुण्यातल्या एका भूखंडाचे प्रकरण गाजले. जागा प्राथमिक शाळेसाठी राखून ठेवलेली. ते आरक्षण उठले आणि तिथे मुख्यमंत्र्यांच्या जावयाची इमारत उभी राहिली. उच्च न्यायालयाने 1999 मध्ये हा व्यवहार बेकायदा ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो निकाल कायम केला. शाळेची जागा, आणि मुख्यमंत्री शिक्षक! पण निकाल लागण्याआधीच, जानेवारी 1999 च्या अखेरीस वांद्र्याहून पत्र आले आणि सरांनी राजीनामा दिला. माणसे मेली तेव्हा जी खुर्ची हलली नाही, ती एका चिठ्ठीने रिकामी झाली. 2013 च्या दसरा मेळाव्यात त्याच शिवाजी पार्कवर घोषणाबाजी झाली आणि सरांना व्यासपीठ सोडून जावे लागले. वरून मिळालेले वरूनच जाते.

हा दोष एका पक्षाचा समजू नका. वसंतराव नाईक पुसदचे, कापसाच्या मुलखातले, स्वतः शेती जाणणारे. 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. एकाधिकार खरेदी त्यांच्याच काळात आली. म्हणजे मास्तर असो की शेतकऱ्याचा पोर, नुसत्या जन्माने आणि शिक्षणाने भाव मिळत नाही. प्रश्न असा की तो उत्तर कोणाला देतो?

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत उमेदवाराचे शिक्षण, जात, गाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. तिकीट कोण देणार आणि त्या बदल्यात काय मागणार? शेतमालाच्या भावाविरुद्ध पक्षाचा व्हिप निघाला तर काय करणार? 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, तेव्हा ती सोडायची तयारी आहे का, हे आधीच वदवून घ्या. आणि तिसरे, दरवर्षी पेरणीआधी तालुक्याच्या मेळाव्यात उभे राहून हिशेब देणार का? तीनही उत्तरे लेखी घ्या आणि गावच्या फळ्यावर लावा.

गुरुजी उभे राहिले तर आम्हाला आनंदच आहे. वर्गात ते पोरांची परीक्षा घेतात. इथे परीक्षा त्यांची आहे, आणि पेपर तपासायचे काम आपण दुसऱ्या कोणाच्या हाती देता कामा नये.