इंग्रजी कच्चं कुणाचं?

"त्यांचं इंग्रजी कच्चं होतं." विमान अपघातांवर गप्पा सुरू झाल्या की हे वाक्य येतंच. चरखी दादरीचं नाव काढा, पहिल्या मिनिटात येईल. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून वर चढणारं सौदीचं बोइंग ७४७ आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक वैमानिकांना १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं आणि ते त्याच्याही खाली आले, हे खरंच. पण येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना तेव्हा दिल्लीत एकच वाट होती आणि कंट्रोलरच्या रडारवर विमानाची उंचीच दिसत नव्हती, हे गप्पांमध्ये कुणी काढत नाही. इंग्रजीवर ढकललं की विषय मिटतो.

मला या वाक्याची चीड आहे आणि कारण घरचंच आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत असताना शुक्रवारी रात्री परदेशी क्लायंटने कॉलवर विचारलं, "कॅन वुई पुश द रिलीज?" मला खटकलं. टेस्टिंग अर्धवट, आणि हा आत्ताच टाका म्हणतोय? हा प्रश्न मराठीत डोक्यात तयार होता. इंग्रजीत जुळेपर्यंत तोंडातून "येस, शुअर" निघून गेलं. मी कोड चढवला. त्याला म्हणायचं होतं, पुढे ढकलूया. सोमवारी मॅनेजरने मला इंग्रजीच्या क्लासला घातलं. आमच्या धंद्यात 'पुश'चा अर्थ उलटा होतो, हे त्या क्लायंटला कुणी सांगितलं नाही.

म्हणून कोलंबियातल्या कालीच्या अपघाताबद्दल वाचलं तेव्हा मी तिथेच अडकलो.

२० डिसेंबर १९९५ ची रात्र. अमेरिकन एअरलाइन्सचं ९६५, मायामीहून उशिरा निघालेलं, अँडीजच्या डोंगरांमधल्या अरुंद खोऱ्यात उतरत होतं. तिथलं रडार १९९२ मध्ये बंडखोरांनी उडवलेलं. म्हणजे वैमानिक जे बोलतील तेवढंच कंट्रोलरला 'दिसणार'. त्याने कालीपर्यंत यायची परवानगी दिली आणि वाटेत तुलुआची रेडिओ-खूण आली की कळवा म्हणाला. कॅप्टनने आदेश परत म्हणून दाखवताना त्यात एक शब्द वाढवला: 'डायरेक्ट'. कंट्रोलर म्हणाला, "अफर्मेटिव्ह." कॅप्टनने कॉम्प्युटरमध्ये थेट काली टाकलं आणि मधल्या खुणा स्क्रीनवरून गेल्या, तुलुआसकट. मग धावपट्टी बदलली, घाई झाली. 'रोझो' नावाच्या खुणेसाठी त्यांनी नुसतं 'आर' दाबलं. कॉम्प्युटरच्या यादीत 'आर' म्हणजे बोगोटाजवळची 'रोमिओ'. विमान अंधारात डावीकडे, डोंगरांकडे वळलं.

याच गडबडीत कॅप्टनने विचारलं, आधी तुलुआला जाऊन मग रोझोने यायचं का? उत्तर काय मिळालं? १९ नंबरची धावपट्टी वापरू शकता, तुमची उंची किती, अंतर किती. प्रश्न एक, उत्तर भलतंच. पण दोन्हीकडचे शब्द नेहमीचे, ओळखीचे. विमान डोंगरावर आदळलं. १६३ पैकी १५९ जण गेले.

नंतर त्या कंट्रोलरने चौकशीत सांगितलं की ती विनंती त्याला निरर्थक वाटली होती. समोर स्पॅनिश बोलणारे वैमानिक असते तर त्याने तसं तोंडावर सांगितलं असतं. पण ठरावीक वाक्यांपलीकडचं इंग्रजी त्याच्याकडे नव्हतं. शंका होती, ती विचारायला भाषा नव्हती.

आता म्हणाल, मग झालंच की सिद्ध, इंग्रजी कच्चंच होतं! थांबा जरा. 'डायरेक्ट' कुणी घुसवलं? ज्याची मातृभाषा इंग्रजी त्याने. आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलंच नाही, हे कुणाला कळायला हवं होतं? ज्याला ती भाषा पुरती येते त्यालाच ना! चौकशीने ठपका वैमानिकांवरच ठेवला, पण नियोजन, दिशाभान, वेळेत माघार न घेणं यासाठी. समोरचा माणूस उसन्या भाषेत चाचपडतोय हे ओळखणं वैमानिकाचं काम आहे, असं त्या कारणांच्या यादीत नाही.

आणि जगाने काय केलं? २००३ मध्ये आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, वैमानिक आणि कंट्रोलरच्या इंग्रजीसाठी सहा पातळ्या लावल्या. किमान चौथी हवी. चौथीवाल्याची दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, सहावीवाल्याची पुन्हा कधीच नाही. आता सहावी सहज कुणाला मिळणार, हे वेगळं सांगायला हवं? आयकाओच्याच मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलंय की मातृभाषिकांनीही सावकाश, स्पष्ट, आडवळणाशिवाय बोलावं. लिहिलंय, छान. पण सावकाश बोलता येतं का, समोरच्याच्या 'हो'मधली चाचरण ऐकू येते का, याची तीन-तीन वर्षांनी परीक्षा त्यांचीही घ्या की. नापास झाले तर परवाना अडवा, जसा चौथीच्या खाली घसरलेल्याचा अडवता.

माझा क्लास तीन महिने चालला. पहिल्याच आठवड्यात शिकवलं, परदेशी माणसाशी बोलताना कॉन्फिडन्स दाखवा, सारखं 'सॉरी, समजलं नाही' म्हणू नका.