पण नोकरी कुठे करतो?

बडोदेकर मंडळी, थोडं स्पष्ट लिहितेय, राग मानू नका.

अमेरिकेतला कुणाचा नातू शनिवार-रविवार गावाजवळच्या छोट्या टेकडीवर मुलांना बर्फात स्की शिकवायला लागला, की त्याचे फोटो आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरतात. आणि आमच्या हरणीतल्या एका मुलाने पावागडावर कातळ चढायला शिकवायचं म्हटलं, तर त्याच्या आईला पहिला प्रश्न, "ते ठीक, पण नोकरी कुठे करतो?"

असा प्रशिक्षक एका शिबिरात तयार होत नाही हो. माउंट अबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहे. तिथे आधी बेसिक, मग ॲडव्हान्स, मग कोचिंगचा कोर्स. स्वतःला चढता येणं वेगळं, शिकवणं वेगळं. दुसऱ्याच्या मुलाचा दोर हातात असतो. हार्नेसचं बक्कल पुन्हा ओढून बघायचं, गाठ तपासायची, अर्ध्यात घाबरलेल्या पोराला न हसता खाली आणायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे "आज नाही" म्हणायचं. पालक चिडले तरी, शाळेची बस उभी असली तरी.

हे मी हरणीत बसून लिहितेय. १८ जानेवारी २०२४ ला आमच्या तलावात सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेटही नव्हती. "एवढ्यांना नाही बसवणार" म्हणणारा एक जाणता माणूस काठावर हवा होता. अजून तिकडून जाताना मी पाण्याकडे बघत नाही.

तसं शिकवणाऱ्याचा मान आपल्या गावाला नवा नाही. प्रो. माणिकरावांनी अख्खं आयुष्य जुम्मादादा व्यायाम मंदिराला दिलं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड इथूनच काढले, तेही मराठीत! आपले आजोबा तालमीतल्या वस्तादांना वाकून नमस्कार करायचे. तेव्हा पगार विचारला होता का कुणी?

पैसे कमी मिळतात, मान्य. उन्हाळ्यात कातळ तापतो, तेव्हा जोडीला दुसरं काम लागतंच. पण त्यात आपलाही हात आहे. शिबिराची फी ऐकली की "भावाबहिणीचं मिळून किती घ्याल?" म्हणून आपण घासाघीस करतो, आणि त्याच संध्याकाळी हॉटेलात त्याहून मोठं बिल मुकाट्याने भरतो.