सामाईक फोल्डर आणि लोकांची अमानत



देवळाली प्रवरात शिष्यवृत्तीचा, रेशनकार्डाचा किंवा हजचा फॉर्म भरायला आपण दुकानात जातो. तिथे बहुधा दोन-तीन संगणक एकमेकांना जोडलेले असतात. एकावर कागद स्कॅन होतात, दुसऱ्यावर फॉर्म भरला जातो. मधे असते सगळ्यांना उघडणारे एक सामाईक फोल्डर. त्यात आपले आधार कार्ड असते, पासबुक असते, कधी निकाहनामाही असतो. या महिन्यात या फोल्डरच्या दाराविषयी बोलू.

विंडोजमध्ये अशा फायली वाटून घेण्याचे काम ‘एसएमबी’ नावाची व्यवस्था करते. तिच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत एक चूक निघाली. खास तऱ्हेने बनवलेला संदेश पाठवून दूरचा माणूस त्या संगणकाकडून हवे ते करून घेऊ शकत होता. पासवर्ड लागत नव्हता, कुणी काही उघडण्याचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आला. जिथे दुरुस्ती बसवली नव्हती तिथे तो शिरला, फायलींना कुलूप लावले आणि खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या तपासण्या त्यामुळे रद्द झाल्या. मधे जवळजवळ दोन महिने मिळाले होते!

त्याच वर्षी २६ जूनला आपण ईद साजरी केली. दुसऱ्याच दिवशी युक्रेनमधून पसरलेला ‘नॉटपेट्या’ उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचला. तिथले मर्स्क समूहाचे टर्मिनल अडले, संगणकाचे काम माणसांना हाताने करावे लागले. आपल्या नगर-नाशिकचा कांदा याच बंदरातून परदेशी जातो. नॉटपेट्या त्याच जुन्या चुकीतून शिरत होता, शिवाय चोरलेले पासवर्डही वापरत होता.

लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. फायली वाटणाऱ्या ‘सांबा’ या सॉफ्टवेअरमधली अशीच चूक २४ मे २०१७ रोजी जाहीर झाली. ती २०१० पासूनच्या आवृत्त्यांत होती. ज्याला फोल्डरमध्ये फाइल ठेवता येते, तो ती सर्व्हरकडून चालवूनही घेऊ शकत होता.

परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, अशी शिकवण सूरह नूरमध्ये आहे. शिरणारा गुन्हेगार आहेच. पण लोकांचे कागद सांभाळणाऱ्यावर अमानतीची जबाबदारी असते. अपडेटची सूचना आली की ‘नंतर’ वर बोट ठेवताना आपण स्वतःपुरता निर्णय घेत नसतो.

करायचे ते अवघड नाही. अपडेट त्याच दिवशी बसवा. विंडोजच्या सेटिंगमधून एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करा. फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा गरजेपुरतीच द्या. प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड ठेवा. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागते. विंडोज ७ ला दुरुस्त्या मिळणे जानेवारी २०२० मध्येच थांबले आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि पुढच्या खेपेला फॉर्म भरून झाला की दुकानदाराला नम्रपणे एवढेच म्हणा, “भाई, माझे कागद फोल्डरमधून काढून टाका.”