गाऊन लेडी कर्झनचा, भरतकाम कुणाचं?

लेडी कर्झनचा मोराचा गाऊन जगात ओळखला जातो तो ‘वर्थचा गाऊन’ म्हणून. वर्थ ही पॅरिसची नामांकित शिवणपेढी. मी पुण्यात ब्लाऊज शिवते, आरीकाम आणि जरदोसीच्या ऑर्डरी घेते. त्यामुळे या गाऊनचे फोटो पाहताना माझी नजर शिवणीच्या आधी भरतकामावर जाते. ते झालं दिल्लीत. भरलेलं कापड मग पॅरिसला गेलं आणि तिथे त्याचा गाऊन झाला.

मेरी कर्झन व्हाइसरॉयची पत्नी. तिचे वडील लेव्ही लायटर, कापडाच्या व्यापारात गब्बर झालेले शिकागोचे धनिक. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी दिल्लीत दरबार भरला, तेव्हा जानेवारी 1903 मध्ये लाल किल्ल्यातल्या नाचाच्या समारंभात तिने हा गाऊन घातला. नादिरशहाने 1739 मध्ये जिथून मयूरासन लुटून नेलं, त्याच किल्ल्यात व्हाइसरॉयच्या बायकोने अंगभर मोर मिरवला! आज गाऊन इंग्लंडमध्ये डर्बीशरच्या केडलस्टन हॉलमध्ये, कर्झन घराण्याच्या जुन्या वाड्यात, नॅशनल ट्रस्टने जपून ठेवला आहे.

त्याचं वजन सुमारे 4.5 किलो. अंगभर जरीची मोरपिसं, एकावर एक चढलेली, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचा हिरवा पंख. असलं काम कसं होतं, ते आम्हाला विचारा. कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणायचं. ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून खाका करायचा, त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पावडर फिरवून नक्षी उतरवायची. मग अड्ड्याच्या दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून बसतात आणि दिवसच्या दिवस मान वर करत नाहीत. आता त्या गाऊनची जर काळवंडली आहे. भुंग्याचे पंख मात्र अजून तसेच चमकतात, कारण तो रंग वरून चढवलेला नाही. पंखाच्या थरांवर प्रकाश पडून तो दिसतो.

नावं राहिली ती घालणारीची आणि शिवणपेढीची. भरतकामाच्या कारखानदाराचं नाव कळलं, तरी मालकाचं नाव म्हणजे अड्ड्यावर बसलेल्यांची नावं नव्हेत. ‘नोंदच नाही, तर लिहायचं काय?’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण नोंद आपोआप होत नाही, ती कुणीतरी करावी लागते. आणि नावं नसली तरी कापड कुठे भरलं, कसं भरलं, हे गाऊनजवळच्या पाटीवर त्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

इंग्रजांना बोल लावून आपण सुटत नाही. आपल्याकडे विरलेले शालू आणि पैठण्या जाळून त्यातली चांदी काढून घ्यायची रीत होती. त्यातून जे वाचलं, ते संग्रहालयांत ‘अमुक सरदार घराण्याचं वस्त्र’ म्हणून लागतं. विणलं कुणी, भरलं कुणी, याची वार्ता नाही. माझं म्हणणं इतकंच, की आजच्या श्रीमंत लग्नांतले शालू आणि ब्लाऊज उद्या संग्रहालयात जातील, तेव्हा त्यांच्याबरोबर खाका, मापांची वही, बिल आणि कारागिरांची नावंही संग्रहालयांनी मागून घ्यावीत. खाका तर काम संपलं की रद्दीतच जातो. तो जपायला काचेचं कपाट लागत नाही, साधी फाइल पुरते.

मी माझ्या बिलावर कारागिराचं नाव लिहू लागले आहे. गिऱ्हाईक ते वाचतं, कौतुक करतं आणि मग मजुरीत घासाघीस करतंच. करू दे. निदान घासाघीस कुणाच्या मजुरीत चालली आहे, ते त्याला नावानिशी कळतं.