चार पिशव्या आणि एक सुई

मैत्रिणींनो, खरं सांगा, तुमच्या कपाटात अर्धवट कामांच्या पिशव्या किती? माझ्या परवा मोजल्या, तर चार निघाल्या. एकीत पुतणीच्या बाळासाठी घेतलेला स्वेटर, दुसरीत क्रोशाचा टेबलक्लॉथ, तिसरीत उशीचे अभ्रे आणि चौथीत मॅक्रमेची झोळी. तिच्या दोऱ्यांनी तर आपसातच गाठी मारून घेतल्या होत्या! 'आधी हातातलं पुरं कर, मग दुसरं घे,' हा उपदेश आपण शाळेतल्या शिवणाच्या तासापासून ऐकत आलो आहोत.

मीही तो पाळला, आणि तिथंच फसले. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं माहेर धारवाडचं. इरकलीवर त्यांनी भरलेली कसुतीची गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं पाहून कितीदा म्हटलं असेल, 'वहिनी, मला शिकवा ना.' त्या म्हणायच्या, 'ये की उद्यापासून.' मी म्हणायची, 'एवढा स्वेटर सुयांवरून उतरू दे.' स्वेटर काही उतरला नाही. दोन वर्षं गेली आणि वहिनींच्या डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. कसुती छापून भरत नाहीत, कापडाचे धागे मोजून भरतात. तेच आता त्यांना दिसेनात.

तेव्हा एक काम संपल्याशिवाय दुसरं नाही, हा नियम मी तरी सोडून दिला. कामं किती, यापेक्षा कोणत्या जातीची, ते बघावं. काही कामं मोजणीची: कसुती, नव्या नमुन्याची लेस, जाळीची वीण. त्यांना उजेड हवा आणि डोकं शांत हवं. काही गप्पांची: साधी सुलट-उलट वीण, क्रोशाचे एकसारखे खांब. ती टी. व्ही. पुढं होतात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत होतात. आणि काही जागा अडवणारी, मॅक्रमेसारखी. प्रत्येक जातीचं एकच काम बाहेर ठेवा. नवीन शिकणं हे नेहमीच मोजणीचं काम असतं, बरं का! म्हणून ते चालू असेतो मोजणीचं दुसरं काम खुशाल कपाटात जाऊ द्या.

मात्र जाऊ द्यायचं ते नीट. विणकाम ओळीच्या मध्ये सोडू नका, सुईवरचे टाके ओढले जाऊन तिथं रेघ दिसते. क्रोशाचा शेवटचा फास सेफ्टी पिनेत अडकवा. भरतकाम रिंगमधून काढून ठेवा, नाहीतर कापडावर उमटलेलं वर्तुळ सहजी जात नाही. पिशवीत एक चिठ्ठी हवीच: किती टाके, कितवी ओळ, कितव्या नंबरची सुई. जुन्या सुयांवर नंबर मोठा तितकी सुई बारीक असते, म्हणजे १० नंबरची ३.२५ मिलिमीटर आणि ८ नंबरची ४. हल्लीच्या सुयांवर मिलिमीटर असतात, तेव्हा दोन्ही लिहा. मी लिहिलं नव्हतं. स्वेटरची दुसरी बाही अंदाजानं विणली, ती पहिलीपेक्षा चांगली दोन बोटं अरुंद झाली. लोकर कमी पडली तर त्याच रंगाची नवी आणली तरी छटा जुळत नाही, कारण रंगाचा घाणा वेगळा. एकदमच पुरेशी घेतलेली बरी.

त्या स्वेटरचं काय केलं म्हणाल, तर सगळा उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लच्छी करून, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवावी आणि खाली हलकं वजन अडकवून वाळत घालावी. सरळ होते. बाळ आता दोन वर्षांचं झालंय, म्हणून मधे निळे पट्टे घालून पुरवते आहे. झोळी मात्र सोडवून दोरा शेजारच्या मुलीला दिला. ते काम मला कधी आवडलंच नव्हतं, सगळ्या करत होत्या म्हणून केलं.

आणि कसुती? ती दुसूतीच्या तुकड्यावर सुरू केलीय, तिचे धागे सुटे दिसतात. पहिला टाका गवंती. एक धावदोरा घालत जायचं आणि परतताना मधल्या मोकळ्या जागा भरत यायचं. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, गाठ मारायची नाही. दर शनिवारी दुपारी तुकडा घेऊन वहिनींकडे जाते. त्या तो उलटा करतात, मागच्या बाजूवरून बोट फिरवतात आणि बरोबर जागेवर थांबून म्हणतात, 'इथं गाठ मारलीस ना गं? उसव.' गेल्या शनिवारी बोट कुठंच थांबलं नाही. मग म्हणाल्या, 'आता मुर्गी घेऊ.' हा टाका पायऱ्यापायऱ्यांचा असतो. तो त्यांनी माझा हात धरून दाखवला.